खांद्याची जप्ती

नाशिकहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे उतरत गेले म्हणजे निफाड तालुक्यात कोठुरे नावाचे गाव लागते, आणि मल्लविद्येच्या इतिहासाशी ज्याचा थोडाबहुत परिचय आहे त्याला हे नाव कानी पडताच बाळंभटदादा देवधरांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य मल्ल पुण्यास आले, त्यांनी पेशव्यांच्या दरबारात जोड मागितली, आणि नावाजलेले पैलवान माना खाली घालून उभे असता कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते आव्हान स्वीकारले. मात्र त्यासाठी मुदत मागून घेऊन ते वणीस सप्तशृंगीच्या गडावर जाऊन राहिले, तेथे मारुतीने दृष्टांत देऊन लाकडाच्या खांबावर मेहनत कशी करावी हे त्यांना शिकविले, आणि परत आल्यावर त्यांनी गुलाबला असे लोळविले की अलीने लढतीचा विचारच सोडून दिला, अशी आख्यायिका मल्लखांबाच्या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

दृष्टांताचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोपविला तरी या कथेतील शास्त्राचा अंश शिल्लक राहतोच. बोंड, मान आणि अंग एवढेच ज्याचे अवयव, तो शिसवी किंवा सागवानी, एरंडेलाने चोपडलेला खांब मल्लाच्या शक्तीला काहीच प्रत्युत्तर देत नाही. त्याची पकड खोटी असेल तर त्याला निमूटपणे खाली सोडतो, एवढेच. नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्थेत एखाद्या संध्याकाळी जाऊन उभे राहावे आणि बगलीची पकड शिकणारी मुले पाहावीत. जी मुले पंजे आणि मनगटे यांच्या जोरावर खांबाला लोंबकळू पाहतात ती तेलावरून घसरतात, आणि ज्यांना खांब बगलेत घेऊन बाहू छातीशी आवळण्याचे मर्म उमगते ती पंजे मोकळे असतानाही वर टिकून राहतात. हात हा बोटांनी नव्हे तर बगलेने आणि छातीने धरतो, हा धडा ज्याच्या अंगी मुरला त्याला या प्रकरणाचा निम्मा विषय न सांगताच कळला असे मी समजतो.

तो विषय म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा बाहू कोपरात वाकवून, आपल्या दोन्ही हातांच्या गुंफणीत अडकवून, त्याच्या खांद्याला बांधून टाकण्याचा डाव. जपानी जूदोत त्याला ‘उदे-गारामी’, म्हणजे बाहूची गुंतवण, असे नाव आहे. पाश्चात्त्य कुस्तीगीर त्याला दुहेरी मनगटबंध म्हणत आले. आणि ब्राझीलमध्ये वाढलेल्या जुजुत्सूत तो ‘किमुरा’ या माणसाच्या नावाने ओळखला जातो, त्याची हकीकत पुढे येईल. मी त्याला सोईसाठी स्कंधबंध म्हणतो. पाहणाऱ्याला हा डाव म्हणजे वेदना देण्याची युक्ती वाटते, आणि नवा शिकणाराही त्याच समजुतीने तो घाईघाईने पिरगळू लागतो. माझे मत नेमके याच्या उलट आहे. आपल्या जुन्या कचेऱ्यांत जप्ती आणि लिलाव या दोन निरनिराळ्या कारवाया होत्या. जप्ती झाली म्हणजे माल धन्याच्या वाड्यातच राहतो, पण तो हलविण्याचा, विकण्याचा, गहाण टाकण्याचा अखत्यार त्याच्याकडून गेलेला असतो, आणि लिलावाचा हुकूम पुढे कधी सुटेल हे जप्तीदाराच्या मर्जीवर राहते. स्कंधबंध ही प्रथम खांद्याची जप्ती आहे, आणि ज्याची जप्ती कच्ची त्याचा लिलाव नेहमी फसतो.

परंतु जप्ती खांद्याचीच का? मांडीचे हाड कमरेच्या खोल उखळीत बसलेले असते, म्हणून ते बळकट, पण त्याची फिरत मर्यादित. खांद्याची उखळी मात्र बशीसारखी उथळ, आणि प्रगंडास्थीचे, म्हणजे दंडाच्या हाडाचे, गोल डोके तिच्या मानाने इतके मोठे की कोणत्याही क्षणी त्याचा लहानसाच भाग तिच्यावर टेकलेला असतो. अंसफलकापासून, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडापासून, निघालेले चार लहान स्नायू आपल्या कंडरांनी त्या डोक्याभोवती कफनीच्या बाहीसारखे वेढून त्याला जागेवर राखतात. निसर्गाने येथे स्थैर्याची किंमत देऊन स्वातंत्र्य खरीदले आहे. हात डोक्यावर, पाठीमागे, बाजूस, वर्तुळात कोठेही जाऊ शकतो तो याच सौद्यामुळे. जेथे स्वातंत्र्य अधिक तेथे बंदोबस्त कमी. सुश्रुताने शरीरातील १०७ मर्मे सांगताना अंस आणि अंसफलक ही दोन्ही ‘वैकल्यकर’ या वर्गात घातली, म्हणजे ज्यांच्या आघाताने प्राण जात नाही पण अवयव विकल होतो अशा मर्मांत. अंसमर्म दुखावले असता बाहू ताठरतो, असे त्याचे निदान आहे. शस्त्रवैद्याने केलेले हे वर्गीकरण मल्लाच्या दृष्टीनेही किती नेमके आहे! मारावयाचे नाही, पण निःशस्त्र करावयाचे आहे, अशा लढाईला याहून योग्य स्थान सापडणे कठीण.

आता डाव कसा बसतो ते पाहू. समजा, आपण पाठीवर असून प्रतिस्पर्धी आपल्या दोन पायांच्या विळख्यात गुडघ्यांवर बसला आहे आणि तोल सांभाळण्यासाठी त्याने स्वतःचा उजवा पंजा आपल्या डाव्या बाजूस जमिनीवर टेकला आहे. त्या टेकलेल्या मनगटावर आपला डावा पंजा पडतो. त्याच क्षणी आपण उठून बसतो, छाती त्याच्या उजव्या खांद्याकडे वळवितो, आपला उजवा बाहू त्याच्या खांद्यावरून पलीकडे नेऊन त्याच्या दंडाखालून आत घेतो आणि त्या हाताने आपलेच डावे मनगट धरतो. इंग्रजी चाराच्या आकड्यावरून पाश्चात्त्यांनी या गुंफणीला नाव दिले. आपला देवनागरी ४ नीट न्याहाळला तर तोही खाली एकमेकांत गुंतलेल्या दोन हातांसारखाच दिसतो. या पकडीत अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवावा, समोर आणू नये, असे जाणते शिक्षक सांगतात, कारण त्यामुळे पंजा कडीसारखा अडकतो आणि मनगट ताठ राहते.

प्रतिस्पर्ध्याचे कोपर जवळपास काटकोनात वाकलेले हवे, याचे कारण घरातल्या जात्याकडे पाहिले म्हणजे समजते. जात्याचा खुंटा मध्यावर ठोकला तर ते फिरविताना दळणारीचा जीव मेटाकुटीस येईल. तो कडेला असतो म्हणून वरची पाळ हलक्या हाताने फिरते. येथे प्रगंडास्थी हा जात्याचा मधला आस आहे आणि वाकलेला पुढचा हात हा कडेचा खुंटा. कोपर सरळ झाले की खुंटा नाहीसा झाला. मग कितीही बळ लावले तरी खांदा फिरत नाही. उलट कोपर काटकोनात राहिले तर लहान चणीचा माणूसही आपल्याहून पुष्कळ जड माणसाच्या खांद्यावर हुकूम चालवू शकतो.

यानंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची असून तीच सर्वांत अधिक वेळा विसरली जाते. त्याचे कोपर आपल्या छातीला चिकटलेले असले पाहिजे. ते चिकटले म्हणजे त्याचा खांदा आपल्या धडाचाच एक भाग होतो. आपण उजवीकडे वळलो की तोही वळतो, आपण मागे झुकलो की तोही ओढला जातो, आणि आपल्या हातांना करावयाचे काम फारसे उरतच नाही. कोपर आणि छाती यांच्यामध्ये वीतभर अंतर पडले की मात्र सगळा भार बोटांवर येतो, आणि बोटे ही कितीही बळकट असली तरी अखेर थकतात. मल्लखांबावरच्या बगलीचा धडा येथे पुन्हा आठवावा. हात ओढावयाचा नसतो, धड फिरवावयाचे असते. गादीवर उतरलेल्या शंभर नवशिक्यांत हा भेद आपसूक कळणारा क्वचित निघतो, आणि ज्याला तो कळत नाही त्याला वर्षानुवर्षे आपल्या बळाचाच अभाव वाटत राहतो.

एकदा ही जप्ती पक्की बसली की प्रतिस्पर्ध्यापुढे मार्ग मोजकेच राहतात, आणि ते सगळे मार्ग जप्तीदाराला आधीच ठाऊक असतात. तो आपला अडकलेला पंजा स्वतःच्या पट्ट्यात किंवा चड्डीच्या कडेत रुतवून ठेवतो. हा सर्वांत सामान्य बचाव. त्या वेळी पंजा उपटून काढण्याचा हट्ट धरण्यापेक्षा आपण कोपराला घट्ट बिलगून सगळे अंग वळविले तर एक तर पकड सुटते, नाही तर तो स्वतःच कुशीवर लोळतो आणि आपण पाठीवरून वर येतो. तो आपले दोन्ही पंजे एकमेकांत गुंफून ठेवतो, तर त्याचे दोन्ही हात एकाच कामात गुंतले, आणि मोकळ्या पाठीचे दार उघडे पडले. तो सरळ उठू पाहतो, तर त्याचा हात आपल्या छातीशी बांधलेला असल्याने त्याला आपले वजनही उचलावे लागते. तो कोपर सरळ करून खुंटा नाहीसा करतो, तर सरळ कोपरावरचा बंध आपोआप हाती येतो. हे सगळे पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते की खांदा पिरगळण्याची वेळ आलेलीच नाही, आणि तरीही लढतीचा सगळा कारभार आपल्याच सहीने चालू झालेला आहे. नियंत्रण आणि आक्रमण या दोन गोष्टी येथे वेगळ्या नाहीत. जो ताबा आहे तोच धमकीही आहे, आणि धमकी खरी आहे म्हणूनच ताबा टिकतो.

वरच्या बाजूने, म्हणजे प्रतिस्पर्धी पाठीवर असून आपण त्याच्या छातीवर आडवे असताना, हाच बंध दोन रूपांत येतो. त्याचा हात कोपरात वाकून पंजा पायांच्या दिशेने असेल तर वर वर्णिलेला स्कंधबंध. पंजा डोक्याच्या दिशेने, तळवा वर करून असेल तर त्याचेच उलटे रूप, ज्यात बाहू बाहेरच्या बाजूस फिरतो. एका रूपातून निसटण्यासाठी तो हात खाली नेतो आणि नेमका दुसऱ्या रूपाच्या हवाली होतो. दोन परगण्यांच्या सरहद्दीवर एकच नाका असावा आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाने तेथेच जकात भरावी, तसा हा प्रकार आहे.

आता त्या नावाची हकीकत. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान स्थापून जुन्या जुजुत्सूला जूदोचे सुसंघटित रूप दिले. त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलमध्ये पोहोचले, त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले, आणि कार्लोस यांचे धाकटे बंधू एलियो यांनी त्या विद्येला जमिनीवरील झुंजीत असे काही पैलू पाडले की तिची स्वतंत्र शाखाच झाली. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओ द जानेरोमध्ये एलियो ग्रेसी यांची गाठ जपानचे थोर जूदोपटू मासाहिको किमुरा यांच्याशी पडली. किमुरा वजनाने आणि बळाने कितीतरी वरचढ होते. त्यांनी एलियोंना वारंवार जमिनीवर आदळले, आणि दुसऱ्या फेरीत उदे-गारामीत त्यांचा बाहू अडकविला. बाहू फिरत गेला, हाड मोडले, तरी एलियोंनी शरणागतीची थाप मारली नाही. अखेर कार्लोस यांनी टॉवेल फेकून लढत थांबविली. ज्या डावाने आपला हात मोडला त्या डावाला त्या घराण्याने विजेत्याचेच नाव दिले. पराभवाची नोंद इतक्या उमदेपणाने ठेवणारे उदाहरण क्रीडेच्या इतिहासात मला तरी दुसरे आढळलेले नाही, आणि जगभरच्या आखाड्यांत रोज संध्याकाळी हजारो मुखांतून किमुरा हे नाव उच्चारले जाते तेव्हा त्याबरोबर एलियोंचा तो न वाकलेला मानी स्वभावही उच्चारला जातो, असे मला वाटते.

आपल्या मातीशी या डावाची गाठ याहून कठोर रीतीने पडली. १२ डिसेंबर १९७६ रोजी कराचीत, थोर मल्ल गामा यांचे पुतणे अक्रम पैलवान आणि जपानचे अँटोनियो इनोकी यांची लढत झाली. अक्रम ज्या घराण्यात वाढले त्या घराण्याच्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की निकाल लागतो. पाठ लागल्यानंतरही झुंज चालू राहते आणि हात अडकतो, हा प्रश्नच त्या विद्येपुढे कधी आलेला नव्हता. इनोकींनी दुहेरी मनगटबंधात अक्रम यांचा हात पकडला, अक्रम शरण आले नाहीत, आणि हात निकामी होऊन लढत संपली. पुढे १७ जून १९७९ रोजी लाहोरमध्ये अक्रम यांचा पुतण्या झारा इनोकींपुढे उभा राहिला. पाच फेऱ्यांत निकाल लागला नाही, आणि इनोकींनी स्वतः झाराचा हात उंच केला. अक्रम यांच्या वाट्याला आलेले दुःख पैलवानीच्या कमीपणाचे नव्हते. दोन निरनिराळ्या न्यायसभांचे कायदे निरनिराळे असताना एका सभेचा वकील दुसरीत उभा करावा, तसे ते झाले होते.

मातीच्या हौद्यात हाताच्या पकडींची उणीव नाही. हप्ते, मोळी, घिस्सा, सवारी या सगळ्यांत प्रतिस्पर्ध्याच्या बाहूवर किंवा खांद्यावर कबजा मिळवूनच त्याला उलटे केले जाते, आणि वस्ताद पठ्ठ्याला ‘खालच्याचा हात काढ’ असे ओरडून सांगतो तेव्हा त्याला हाच ताबा अभिप्रेत असतो. फरक एवढाच की तेथे खांदा हे वाहन आहे आणि मुक्काम पाठीचा आहे. आंतरराष्ट्रीय कुस्तीचे नियमही बाहू नव्वद अंशांपलीकडे पिरगळू देत नाहीत. जूदोत सांध्यावरचे बंध कोपरापुरतेच संमत आहेत; उदे-गारामीत खांद्यावर ताण येतो हे उघड असूनही कोपराचा बंध म्हणून ती मान्य आहे, आणि जूदोत मुरलेल्या माणसालाही या व्यवस्थेचे कधी कधी आश्चर्य वाटते. महाराष्ट्र केसरीच्या मैदानात माती आणि गादी असे दोन विभाग असून दोहोंचे विजेते अखेर एकमेकांशी भिडतात. २०२० सालची गदा नाशिकच्या हर्षवर्धन सदगीर यांनी पटकाविली तेव्हा भगूरच्या तालमीपासून गोदाकाठापर्यंत जो जल्लोष झाला तो या जिल्ह्याच्या मातीचा हक्कच होता. अशा मातीत वाढलेला मुलगा जेव्हा जुजुत्सू शिकावयास जातो तेव्हा त्याला ताबा नव्याने शिकवावा लागत नाही. पाठ लागल्यावर थांबावयाचे नाही, एवढेच त्याच्या अंगी नव्याने बिंबवावे लागते. जपानी विद्येचा आपल्याकडील प्रवेशही काही कालचा नव्हे. रवींद्रनाथांनी १९२९ साली ताकागाकी शिंझो यांना शांतिनिकेतनात बोलावून विद्यार्थी-विद्यार्थिनींना जूदो शिकविण्याची व्यवस्था केली होती.

या डावाचे एक रूप असे आहे की त्यात हातांचे सगळे काम पायच करतात. ब्राझीलमध्ये त्याला ‘ओमोप्लाता’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये तो अंसफलकाचाच वाचक शब्द आहे. आपण पाठीवर असता प्रतिस्पर्ध्याचा बाहू आपल्या मांडीच्या पलीकडून घेऊन, पाय त्याच्या खांद्यावरून फिरवून आपण उठून बसतो, आणि त्याचा वाकलेला हात आपल्या मांड्यांच्या घडीत राहून आपल्या कमरेच्या हालचालीबरोबर फिरू लागतो. दोन्ही हात मोकळे, आणि तरी खांदा बांधलेला! ज्याने मल्लखांबावर अढी मारण्याचा सराव केला आहे, म्हणजे मांड्या आणि पावले यांनी खांब कवटाळून हात सोडून दिले आहेत, त्याला ही गोष्ट विलक्षण वाटत नाही. प्रतिस्पर्धी यातून सुटण्यासाठी बहुधा पुढे कोलांटी मारतो. तेव्हा त्याच्या कमरेवर हात टाकून त्याला रोखता येते, किंवा त्याला जाऊ देऊन त्याच्याबरोबर आपणही फिरून वर बसता येते. या दुसऱ्या प्रकाराकडे माझा विशेष ओढा आहे. जो पळतो त्याच्या पळण्यावर स्वार होणे हे आडवून धरण्यापेक्षा पुष्कळदा सोपे असते.

मी हा डाव पहिल्यांदा अंगावर घेतला तेव्हा माझ्या जोडीदाराने तो झटक्याने फिरविला, मी थाप मारली तोवर उशीर झाला होता, आणि पुढील कित्येक आठवडे सदरा घालताना उजवा हात बाहीत घालणे मला जड जात होते. खांद्याचा बंध इतर बंधांहून या बाबतीत दगलबाज आहे. कोपर सरळ ताणले जाते तेव्हा वेदना आधी येते आणि इजा नंतर. खांद्याच्या फिरकीत पुष्कळदा वेदना जाणवेपर्यंत कंडरांवर ताण येऊन गेलेला असतो, आणि बळ अधिक असेल तर प्रगंडास्थी पिळाच्या रेषेत मोडते. म्हणून थाप ही वेदनेची वाट पाहून मारावयाची नसते. आपल्या खांद्याची मालकी गेली असे कळले की लगेच मारावयाची असते. आणि लावणाऱ्याने शेवटची फिरत सावकाश, श्वासाच्या गतीने, द्यावयाची असते, कारण जप्ती पक्की असेल तर त्याला घाई करण्याचे कारणच नसते.

थाप पडल्यानंतरचेही एक कर्म आहे, आणि ते कोणत्याही पुस्तकात सहसा लिहिलेले नसते. बंध एकदम सोडून दिला तर ताणलेला बाहू आपल्याच वजनाने झटका खातो. चांगला शिक्षक आधी आपल्या धडाची फिरत मागे घेतो, मग जोडीदाराचे कोपर तसेच हातात सांभाळून त्याचा वाकलेला बाहू त्याच्या छातीवर आणून ठेवतो, आणि त्यानंतरच आपली बोटे काढतो. तालमीतला जुना वस्ताद मेहनत संपल्यावर पठ्ठ्याला समोर बसवून त्याचा तो खांदा तेलाने रगडतो, अंगठ्याने अंसफलकाच्या कडेने चाचपत जातो, आणि कोठे तो कण्हला की तेथेच थोडा वेळ हात ठेवून थांबतो.